जुने फ्लॅशचे धडे टॅबवर: रफल लावावं की नव्याने लिहावं?

गेल्या जूनपासून चार शिक्षकांनी मला एकच प्रश्न विचारला आहे: "सर, ते फ्लॅशमधले जुने धडे टॅबवर चालवता येतील का?" येतील. चालवायचे दोन सरळ रस्ते आहेत: रफल या मोफत प्रोग्रामने जुनी फाइल तशीच चालवायची, किंवा धडा नव्याने लिहायचा. मी दोन्हींवरून गेलो आहे. तुमच्याकडेही अशा फायली कुठल्यातरी सीडीवर किंवा जुन्या हार्ड डिस्कवर पडून असतील, आणि आता त्यांचं काय करायचं या विचारात तुम्ही असाल, तर हे तुमच्यासाठी लिहितो आहे. थोडक्यात सांगून ठेवतो: फ्लॅश म्हणजे हलत्या चित्रांचे, आवाजाचे धडे बनवायचं ॲडोबी कंपनीचं जुनं साधन, एसडब्ल्यूएफ म्हणजे त्यातून तयार झालेली चालणारी फाइल, आणि एफएलए म्हणजे जिच्यात बदल करता येतात ती मूळ फाइल.

आधी माझी बाजू सांगतो, म्हणजे माझं मत कुठून आलंय ते कळेल. २००६ ते २०११ या काळात मी आणि माझ्या एका मित्राने मिळून पहिली ते चौथीसाठी ४३ धडे बनवले. तो चित्रं काढायचा, मी ॲक्शनस्क्रिप्ट (फ्लॅशमधली कोडची भाषा) लिहायचो, आवाज माझ्या बायकोचा. रात्री जेवणं झाली की पंखा बंद करून, खिडक्या लावून ती रेकॉर्डिंग करायची, कारण साध्या माइकमध्ये पंख्याची घरघर यायची. त्या सीड्या आम्ही आसपासच्या शाळांना फुकट दिल्या. एका शाळेत मी अजूनही शनिवारी संगणक शिकवायला जातो. तिथे आता संगणकाच्या खोलीत टॅब आहेत. मुलं तीच, अभ्यास बराचसा तोच, धडे मात्र बंद.

ते बंद का पडले हे थोडं सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते निवड तिथूनच ठरते.

२००७ मध्ये आयफोन आला तेव्हा त्यात फ्लॅश नव्हतं. आम्हाला वाटलं, पुढच्या वर्षी येईल. २७ जानेवारी २०१० ला ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी आयपॅड दाखवला, त्यावर न्यूयॉर्क टाइम्सचं पान उघडलं, आणि जिथे फ्लॅश असायला हवं होतं तिथे रिकामा चौकोन आणि एक छोटं निळं चिन्ह दिसलं. त्या चौकोनाकडे बघताना माझ्या पोटात गोळा आला होता. त्याच एप्रिलच्या ८ तारखेला ॲपलने नव्या आयफोन ओएस ४ बरोबर ॲप बनवणाऱ्यांच्या करारातलं कलम ३.३.१ बदललं. ॲप मुळातच ठरवून दिलेल्या मोजक्या भाषांत लिहिलेलं हवं, मधे दुसऱ्या कुणाचं भाषांतराचं साधन चालणार नाही, असा त्याचा अर्थ होता. चारच दिवसांनी ॲडोबीचं सीएस५, म्हणजे फ्लॅशसकट त्यांच्या साधनांचा नवा संच, जाहीर झालं, आणि त्यात फ्लॅशमधून थेट आयफोनचं ॲप तयार करायची सोय होती. ती सोय बाजारात येण्याआधीच निकालात निघाली. सप्टेंबरमध्ये ॲपलने ते कलम सैल केलं, पण तोवर लोकांचा भरवसा उडाला होता.

मधे २९ एप्रिलला जॉब्सचं ते जाहीर पत्र आलं. त्यात सहा मुद्दे होते: फ्लॅश एका कंपनीच्या मालकीचं आहे, त्याच्याशिवायही वेब पूर्ण दिसतं, सुरक्षितता आणि स्थिरता, बॅटरी, बोटाचा स्पर्श, आणि शेवटी, आमच्या आणि ॲप बनवणाऱ्याच्या मधे तिसऱ्याचा थर आम्हाला नको. बॅटरीबद्दल त्यांनी आकडाही दिला होता: एच.२६४ या प्रकारचा, फोनमधली चिपच उलगडते असा व्हिडिओ आयफोनवर १० तासांपर्यंत चालतो, तर सॉफ्टवेअरने उलगडावा लागणारा ५ तासही चालत नाही. मे महिन्यात ॲडोबीने वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन उत्तर दिलं. त्याच उन्हाळ्यात अँड्रॉइड २.२ वर फ्लॅश प्लेअर १०.१ आलं, आणि आम्हाला पुन्हा जीव आल्यासारखं झालं.

मी तेव्हा मुद्दाम असा एक अँड्रॉइड फोन घेतला. घरी आणून पहिल्यांदा आमचा फुलाच्या भागांचा धडा उघडला. उघडला, हलला, आवाजही आला. त्या धड्यात माऊस पाकळीवर नेला की 'पाकळी' असं नाव उमटायचं, देठावर नेला की 'देठ'. फोनवर माऊस नाही. बोट टेकवलं की नाव उमटायचं ते बोटाखालीच. बोट उचललं की नाव गेलं. दोष फोनचा नव्हता, फ्लॅशचाही नव्हता. धडाच माऊससाठी बांधलेला होता. जॉब्सच्या पत्रातला पाचवा मुद्दा नेमका हाच होता, आणि तो मला पटायला माझा स्वतःचा धडा पुरला. सहाव्या मुद्द्याबद्दल माझं मत अजूनही वेगळं आहे. तो मुलांच्या सोयीचा नव्हता, दाराची किल्ली कुणाच्या हातात राहणार याचा होता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये ॲडोबीने मोबाइलवरच्या फ्लॅश प्लेअरचं काम थांबवलं. १५ ऑगस्ट २०१२ पासून गुगल प्लेवरून ते नव्याने घेता येईना. जुलै २०१७ मध्ये संगणकावरच्याही फ्लॅशची अखेर जाहीर झाली, ३१ डिसेंबर २०२० ला आधार संपला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरनेच आतला मजकूर दाखवणं बंद केलं. आमचे ४३ धडे त्या दिवशी एकाच वेळी मिटले. धड्यात काही बिघडलं नव्हतं. धडा आणि मुलाच्या हातातला पडदा यांच्यामध्ये दोन मोठ्या कंपन्यांची संमती लागत होती, आणि ती संमती संपली. म्हणून आता कुठलाही रस्ता निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: मधे किती जणांची संमती लागते?

दोन आडवाटा आधी बाजूला ठेवतो. पहिली, धड्याचा व्हिडिओ करून टाकायचा. नुसती गोष्ट सांगणारा धडा असेल तर खुशाल करा. पण मुलाने काही ओढायचं, निवडायचं, लिहायचं असेल तर व्हिडिओ म्हणजे धड्याचा फोटो. दुसरी, एआयआर हे फ्लॅशच्या फायलींपासून ॲप बनवायचं साधन वापरून ॲप बनवायचं. एआयआर २०१९ पासून ॲडोबीऐवजी हार्मन कंपनीकडे आहे आणि ते चालू आहे. पण ॲप प्ले स्टोअरवर ठेवायचं तर अँड्रॉइडची नवी पातळी गाठण्यासाठी वेळोवेळी नव्याने बांधून द्यावं लागतं. ज्याचा तो व्यवसाय आहे त्याने करावं. शनिवारी शाळेत जाणाऱ्या माणसाला हे झेपत नाही.

आता मुख्य दोन. एक रफल. दुसरा, धडा एचटीएमएल, एसव्हीजी (वेबवरच्या रेषांच्या चित्रांचा प्रकार) आणि जावास्क्रिप्ट वापरून हाताने नव्याने लिहिणं.

रफलबद्दल आधी मनापासून कृतज्ञता. रस्ट भाषेत लिहिलेलं, मुक्त स्रोताचं, जगभरातल्या स्वयंसेवकांनी उभं केलेलं हे काम आहे. ते ब्राउझरमध्येच असलेल्या वेबअसेंब्ली या सोयीवर चालतं, त्यामुळे कसलंही प्लगइन लागत नाही, आणि आयफोनच्या सफारीतही चालतं. ज्या पडद्यावर २००७ पासून फ्लॅशला जागा नव्हती, तिथे आमचा धडा चालताना मी पहिल्यांदा रफलमुळेच पाहिला. इंटरनेटवरचा जुना ठेवा जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये जुन्या फ्लॅश फायली जपायला सुरुवात केली, तीही रफलच्या जोरावर. फ्लॅश मिटायला दीड महिना राहिलेला असताना कुणीतरी हे करत होतं, याचं मला फार बरं वाटलं होतं.

लावायला सोपं. पानात एक ओळ घालायची, एसडब्ल्यूएफ शेजारी ठेवायची, झालं. ॲक्शनस्क्रिप्ट १ आणि २ मधले आमचे ३१ धडे जवळजवळ जसेच्या तसे चालले. ॲक्शनस्क्रिप्ट ३ मधल्या १२ पैकी काही चालले, काही अर्धवट, दोन सुरूच झाले नाहीत. हा माझा अनुभव दीड वर्षापूर्वीचा आहे आणि रफल सतत सुधारतं आहे, त्यामुळे तुम्ही स्वतः तपासा. अक्षरं अगदी मूळची दिसतात, कारण फॉन्ट फाइलच्या पोटातच असतो. मित्राने काढलेली चित्रं, त्यांची हालचाल, बायकोचा आवाज, सगळं होतं तसं परत मिळतं. मूळ एफएलए नसली तरी अडत नाही. आमच्या ४३ पैकी ३४ धड्यांच्या एफएलए २००९ ची हार्ड डिस्क गेली तेव्हा गेल्या, त्यामुळे माझ्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती.

अडचणी दोन, त्याही मोठ्या म्हणणार नाही. रफलचं इंजिनच काही एमबीचं आहे, त्यामुळे ढिम्म नेटवर पहिल्यांदा उघडायला वेळ लागतो. आणि पेनड्राइव्हवरून फाइल उघडून ते चालत नाही, त्याला वेब सर्व्हर लागतो. आमच्या शाळेत जुन्या लॅपटॉपवर छोटा सर्व्हर चालू करून टॅब त्याला वायफायने जोडले, तेव्हा तो प्रश्न मिटला. पण शाळेत ही जोडणी करणारं कुणी नसेल, तर हे लक्षात घ्या.

नव्याने लिहिण्याच्या रस्त्यात पहिली गोष्ट म्हणजे वेळ. आपोआप रूपांतराची आशा फारशी धरू नका. ॲडोबी ॲनिमेटमध्ये एफएलए उघडून एचटीएमएल५ कॅनव्हासमध्ये नेता येते, पण आतला ॲक्शनस्क्रिप्टचा कोड टिप्पणी करून बाजूला ठेवला जातो. तो जावास्क्रिप्टमध्ये तुम्हालाच लिहायचा असतो. शिवाय एफएलए हवी, आणि ॲनिमेटची वर्गणी भरायची. मी दुसरा मार्ग घेतला. जेपीईएक्स नावाच्या मोफत साधनाने एसडब्ल्यूएफ उकलली, चित्रं एसव्हीजी म्हणून बाहेर काढली, आवाज एमपी३ म्हणून काढले, आणि कोड वाचत वाचत धडा नव्याने लिहिला. जोड्या लावायच्या साध्या धड्याला एक रविवार गेला. गोष्ट, प्रश्न आणि खेळ असलेल्या धड्याला तीन. सगळे ४३ असे करायचे तर किती रविवार लागतील, हा हिशोब तुम्हीही करून बघा. तो मनाला घाबरवणारा आहे.

आणि काही गोष्टी जातातच. अळीचा कोश, कोशाचं फुलपाखरू हा आमचा धडा घ्या. मित्राने त्यात आकाराचा आकारात होणारा बदल असा साधला होता की कोश उलगडताना मुलं श्वास रोखून बघायची. मी तो एसव्हीजीत करायचा दोनदा प्रयत्न केला. माझं फुलपाखरू कोशातून बाहेर येत नाही, कोशाच्या जागी येऊन बसतं. हे मी मान्य केलेलं बरं.

इथपर्यंत वाचून वाटेल की रफलच लावावं. मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्या महिन्यात मी सगळे धडे रफलवर चढवले, शाळेत दिले आणि समाधानाने घरी आलो. मग एक शनिवार आला.

तिसरीतली एक मुलगी फुलांच्या धड्याच्या शेवटच्या पानावर होती. प्रश्न: चिखलात उगवणारं फूल कोणतं? खाली रिकामी चौकट आणि 'तपास' असं बटण. तिने चौकटीवर टिचकी मारली, टॅबचा मराठी कीबोर्ड वर आला, तिने क, म, ळ अशी तीन अक्षरं दाबली. चौकट रिकामीच. तिला वाटलं, दिसत नसलं तरी लिहिलं गेलं असेल. तिने 'तपास' दाबलं. लाल फुली आली आणि बायकोचा आवाज: "पुन्हा प्रयत्न कर." तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा फुली. असं चार वेळा झालं. मग ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "सर, कमळच ना?"

कमळच. तिचं चारही वेळा बरोबर होतं.

काय झालं होतं ते सांगतो. त्या काळात डीटीपीत आणि कचेऱ्यांत जे मराठी फॉन्ट चालायचे, श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएम यांच्या पठडीतले, तसाच एक आम्हीही वापरला होता. त्या जुन्या पद्धतीत मराठी अक्षरं किंवा अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असायचे. पडद्यावर 'कमळ' दिसायचं, पण फाइलच्या आत तो शब्द म्हणजे काही इंग्रजी अक्षरं, ज्यांचा कमळाशी संबंध नाही. आमच्या धड्यात बरोबर उत्तर म्हणून तीच अक्षरं लिहिलेली आहेत. २००८ मध्ये शाळेच्या संगणकावर कीबोर्डला मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवलेले होते, मुलं त्यावरून टंकायची आणि दोन्ही बाजूंना तीच अक्षरं पोचायची, म्हणून जुळायचं. आज टॅबचा कीबोर्ड युनिकोडमधला, म्हणजे प्रत्येक भाषेच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीतला, खराखुरा 'क' पाठवतो. धड्याच्या पोटातल्या फॉन्टला तो माहीतच नाही, म्हणून चौकट कोरी. आणि तपासताना तुलना होते ती दोन वेगळ्या गोष्टींची, म्हणून फुली.

यात रफलचा काही दोष नाही, हे स्पष्ट सांगतो. त्याने धडा इमानाने जसा होता तसा चालवला. जुन्या धड्याने नव्या कीबोर्डचं मराठी ओळखलं नाही, एवढंच. माझ्यासाठी मात्र पारडं तिथेच झुकलं. धडा हळू उघडला तर मूल थांबतं. चित्र जरा अडखळलं तर मूल हसून पुढे जातं. पण बरोबर लिहिलेल्या उत्तराला यंत्राने चार वेळा चूक म्हटलं, तर आठ वर्षांचं मूल यंत्रावर शंका घेत नाही, स्वतःवर घेतं. ती मुलगी कमळाबद्दल शंका घेऊ लागली होती.

रफल न सोडता हे दुरुस्त करायचा मी खूप प्रयत्न केला. मुलाने लिहिलेलं युनिकोड आधी जुन्या फॉन्टच्या अक्षरांत बदलायचं आणि मग तुलना करायची, असा तक्ता बनवला. 'कमळ' जमलं. 'गुलाब' जमलं. 'विद्यार्थी' ला आलं आणि अडलं. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते, कारण ती दिसते आधी. रफार अक्षराच्या आणि त्याच्या काना-मात्रांच्याही नंतर लिहिला जातो, कारण तो शेवटी वर बसतो. शिवाय एकच अक्षर दोन-तीन प्रकारच्या तुकड्यांनी जोडता येतं, आणि आम्ही दोघांनी पाच वर्षांत ते वेगवेगळ्या प्रकारे जोडलेलं. एका धड्यात ज्या तुकड्यांनी 'द्य' झालंय, दुसऱ्यात त्यांनी नाही. तक्ता वाढत गेला आणि तरीही कुठे ना कुठे बरोबर उत्तराला फुली मिळतच राहिली. फ्लॅशमध्येही मराठीसाठी नीट सोय उशिराच आली. अशा लिपींना सांभाळणारं नवं मजकूर इंजिन २००८ च्या फ्लॅश प्लेअर १० मध्ये आलं, आणि आमचे बहुतेक धडे त्याआधीच्या पद्धतीने बांधलेले.

मग मी ते एक पान नव्याने लिहिलं. साधी मजकुराची चौकट, साधं बटण, युनिकोड. पुढच्या शनिवारी तीच मुलगी, तोच प्रश्न. 'कमळ' दिसलं, हिरवी खूण आली, आणि ती पुढच्या पानावर गेली. काही बोलली नाही.

नव्याने लिहिलं म्हणजे सगळं आपोआप सुरळीत होतं असंही नाही. एक खड्डा सांगून ठेवतो, कारण त्यात मी पडलो. 'दऱ्या', 'सुऱ्या', 'पायऱ्या' यांतला ऱ्य दोन प्रकारे टंकला जातो. काही कीबोर्ड त्यासाठी ऱ हे वेगळं अक्षर पाठवतात, काही साधा र, हलन्त आणि त्याच्या मागे न दिसणारं एक जोडचिन्ह पाठवतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. मी आधी सरळ सगळी न दिसणारी चिन्हं काढून टाकली, तर 'आचाऱ्यांना' चं 'आचार्यांना' झालं. स्वयंपाक्यांचे गुरुजी झाले. शेवटी तुलना करण्याआधी र, हलन्त आणि जोडचिन्ह अशी त्रिकूट दिसली की तिचं ऱ आणि हलन्त करायचं, आणि मग उरलेलं साफ करायचं, असं लिहिलं. चार-पाच ओळींचं काम. पण बघा, इथे चूक सापडली तेव्हा ती दुरुस्त करायला मला कुणाला विचारावं लागलं नाही. कोड समोर होता.

नव्या रस्त्याचे आणखी काही फायदे मला नंतर कळले, जे मी मोजले नव्हते. पानाला भाषा मराठी आहे असं सांगितलं की ज्या फॉन्टमध्ये सोय असते त्यात मराठी वळणाचे ल आणि श येतात, हिंदी वळणाचे नाहीत. पहिलीच्या मुलाला पुस्तकात दिसणारा ल आणि पडद्यावरचा ल एकच दिसणं मोठी गोष्ट आहे. अक्षरं मोठी करता येतात. ज्या मुलाला नीट दिसत नाही त्याला टॅब मजकूर वाचून दाखवू शकतो, कारण आता तो खरा मजकूर आहे. आणि फुलाच्या भागांच्या धड्यात मी नाव बोटाखाली न दाखवता वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत दाखवलं. जे २०१० मध्ये फोनवर खटकलं होतं ते अखेर सुटलं. फाइल पेनड्राइव्हवरून दोनदा टिचकी मारून उघडते, सर्व्हरची गरज नाही.

मधे कुणाचीच संमती लागत नाही असा रस्ता मात्र हाही नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. आयफोनवर वर्षानुवर्षं प्रत्येक ब्राउझरच्या आत ॲपलचं वेबकिट हेच इंजिन चालतं. युरोपीय संघात २०२४ पासून आणि जपानमध्ये २०२५ च्या अखेरीपासून दुसऱ्या इंजिनांना वाट मिळाली, आपल्याकडे नाही. २०२४ च्याच फेब्रुवारीत युरोपमध्ये होम स्क्रीनवर ठेवलेली वेब ॲप बंद करायचं ॲपलने ठरवलं होतं, ओरड झाली आणि १ मार्चला निर्णय मागे घेतला. मार्च २०२० पासून सफारीचा असाही नियम आहे की सफारी वापरल्याच्या सात दिवसांत एखाद्या साइटला हात लावला नाही तर तिने ब्राउझरमध्ये ठेवलेली माहिती पुसली जाते, होम स्क्रीनवर ठेवलेली सोडून. त्यामुळे मुलाचे गुण ब्राउझरमध्येच ठेवत असाल, आणि पालकांकडे आयफोन असेल, तर दिवाळीच्या सुट्टीनंतर ते तिथे असतील असं धरू नका. मी गुण वहीत उतरवून घेतो. पण वेबचं साधं पान उघडणं एका कंपनीने एका दिवशी बंद करावं, असं मला अजून तरी कुठे दिसलेलं नाही, आणि माझ्यासाठी तो फरक मोठा आहे.

मग तुम्ही काय करावं? तुमच्याकडे धडे किती, एफएलए आहेत की नाहीत, लिहिता येणारं कुणी आहे का, यावर बरंच अवलंबून आहे, आणि माझं मत एका शाळेच्या अनुभवावरचं आहे. तुमचे धडे नुसते पाहण्या-ऐकण्याचे असतील, किंवा त्यात मुलाने फक्त टिचकी मारायची असेल, तर रफल लावा आणि तो वेळ मुलांना द्या. सगळ्या एसडब्ल्यूएफची एक प्रत रफलवर चढवून ठेवा, हे मी प्रत्येकाला सांगतो. त्याला एक संध्याकाळ लागते, आणि नव्याने लिहिताना मूळ धडा कसा वागायचा हे शेजारी चालवून बघता येतं. पण ज्या धड्यात मूल मराठीत काही लिहिणार आहे, तो धडा कृपा करून नव्याने लिहा. सगळा जमत नसेल तर फक्त ते पान लिहा आणि बाकीचा रफलवर राहू द्या. मी पहिल्या सहा धड्यांचं असंच केलं, आणि मुलांना जोड कळलाही नाही.

सुरुवात कुठून करावी असं विचाराल तर जोडाक्षरांच्या धड्यापासून करा. तो सगळ्यात जास्त वापरला जातो, आणि जुन्या फॉन्टमुळे सगळ्यात जास्त फुल्या तिथेच मिळतात. उत्तरं तपासायचा भाग एकदा नीट लिहिला की तोच पुढच्या प्रत्येक धड्यात चालतो. माझा दुसरा धडा पहिल्याच्या निम्म्या वेळात झाला, तो त्यामुळेच.

आत्ता माझ्याकडे ४३ पैकी १७ धडे नव्याने लिहून झाले आहेत. येत्या मे महिन्याच्या सुट्टीत आणखी पाच करायचे आहेत. फुलपाखराचा धडा मात्र मी रफलवरच ठेवला आहे. त्यात कुणाला काही लिहायचं नाही, आणि कोश उलगडताना वर्ग अजूनही तसाच गप्प होतो.